७६ वर्षांच्या वडिलांना रेसव्हेरॅट्रॉल, करक्युमिन आणि ग्रीन टीच्या गोळ्या द्याव्यात का?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. माझ्या समजण्यात काही घोळ असेल तर तिथेच सापडेल.

वडील ७६ वर्षांचे, शाकाहारी, वजन ६२ किलो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बऱ्याच वर्षांपासून चालू. तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल (रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून), जोडीला ॲटोरव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉलसाठी). गेल्या वर्षभरात चाल मंदावली आहे आणि ओळखीच्या माणसांची नावं पटकन आठवत नाहीत. न्यू जर्सीचा भाऊ दिवाळीला येताना तीन बाटल्या घेऊन आला: रेसव्हेरॅट्रॉल (द्राक्षाच्या सालीत आणि वाइनमध्ये सापडणारं द्रव्य) ५०० मिलिग्रॅम, काळ्या मिरीचा अर्क घातलेलं करक्युमिन (हळदीतलं पिवळं द्रव्य), आणि ग्रीन टीचा अर्क. यात पॉलिफेनॉल आहेत, त्यांनी म्हातारपण लांबतं, असं त्याचं म्हणणं. तिन्ही एकदम सुरू कराव्यात की एकेक, आणि जेवणाआधी की जेवणानंतर, हे तुम्ही विचारलंय.

घाईत असाल तर एवढं वाचा. करक्युमिन आणि ग्रीन टीच्या अर्काची बाटली तुमच्या वडिलांना देऊ नका. रेसव्हेरॅट्रॉलने लगेच काही बिघडेल असं नाही, पण उपयोग होईल असंही मला वाटत नाही. आणि चाल मंदावणं, नावं न आठवणं ही ‘वय झालं’ म्हणून गोळीने झाकायची गोष्ट नाही. त्याची कारणं शोधायला हवीत, आणि वडिलांच्या औषधांच्या यादीतच एक संशयित दिसतोय. गोळ्या जेवणाआधी की नंतर, हा प्रश्न त्यानंतरचा.

मी मिरजेत वृद्धांची ओपीडी पाहतो. हल्ली दर आठवड्याला कुणीतरी पिशवीतून अशा बाटल्या काढून टेबलावर मांडतं. बहुतेक वेळा मुलगा किंवा मुलगी परदेशात असते आणि लांब राहून आईवडिलांसाठी काही करता येत नाही म्हणून हे पाठवलेलं असतं. त्यामुळे बाटल्या बघून मी हसत नाही. पण प्रत्येक बाटलीला एकच उत्तरही देत नाही, कारण सत्तरीतल्या माणसाला गोळी चालेल की नाही हे गोळीपेक्षा त्या माणसाच्या बाकीच्या औषधांवर, यकृत-मूत्रपिंडावर आणि ताटावर जास्त अवलंबून असतं. घरात साठीच्या, एकही औषध न घेणाऱ्या तुमच्या मावशी असत्या तर माझं उत्तर बरंच सैल असतं.

पॉलिफेनॉल म्हणजे एखादा पदार्थ नव्हे, हजारो पदार्थांचं ते खानदान आहे. ऊन, कीड, बुरशी यांपासून स्वतःला वाचवायला झाडं ते तयार करतात. चहाचा तुरटपणा, जांभूळ खाल्ल्यावर जिभेला चढणारा रंग, सदऱ्यावरून न जाणारा हळदीचा डाग, कांद्याच्या तांबड्या पापुद्र्यांतला रंग, हे सगळे त्यांचेच प्रकार. पूर्वी सिद्धांत सोपा होता: परीक्षानळीत हे पदार्थ ऑक्सिडीकरण थांबवतात, तर शरीरातही थांबवतील. अमेरिकेच्या कृषी खात्याने कुठल्या अन्नात किती अँटिऑक्सिडंट ताकद आहे याचा मोठा तक्ताच लोकांसाठी ठेवला होता. परीक्षानळीतल्या त्या आकड्यांचा माणसाच्या शरीरातल्या परिणामाशी मेळ लागत नाही आणि कंपन्या ते आकडे जाहिरातीत वापरतात, म्हणून २०१२ मध्ये त्यांनी तो तक्ता काढून टाकला. जाहिराती मात्र अजून त्याच भाषेत चालू आहेत.

मेळ का लागत नाही, तर आपलं आतडं आणि यकृत या पदार्थांना परकं समजतात. रेसव्हेरॅट्रॉल पोटातून बऱ्यापैकी शोषलं जातं, पण शोषताक्षणी त्याला सल्फेट किंवा ग्लुक्युरोनाइडचं शेपूट जोडून लघवीवाटे बाहेर टाकायची तयारी सुरू होते. मूळ रूपात रक्तात पोचतो तो एक टक्क्याहूनही कमी भाग. उरलेल्यावर मोठ्या आतड्यातले जिवाणू काम करतात, आणि ते प्रत्येकाचे वेगळे. डाळिंबाचंच घ्या. त्यातल्या पॉलिफेनॉलपासून काही जणांच्या आतड्यात युरोलिथिन-ए नावाचा पदार्थ तयार होतो, ज्यावर सध्या स्नायूंच्या संदर्भात बराच अभ्यास चालू आहे. पण सगळ्यांच्या आतड्यांत तो तयार होत नाही. सांगोल्याचं तेच डाळिंब नवरा-बायकोने अर्धं-अर्धं खाल्लं तरी दोघांच्या रक्तात वेगळं काहीतरी सापडेल. म्हणून ‘अमक्याला फरक पडला’ हे ऐकून आपल्या वडिलांबद्दल काही ठरवता येत नाही.

आता भावाच्या आवडत्या बाटलीकडे. रेसव्हेरॅट्रॉलची हवा २००३ मध्ये यीस्टवरच्या प्रयोगापासून सुरू झाली. २००६ मध्ये भरपूर चरबीचं खाणं दिलेल्या लठ्ठ उंदरांवर चांगला परिणाम दिसला. २००८ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने या विषयावर काम करणारी सर्ट्रिस ही छोटी कंपनी ७२ कोटी डॉलरना विकत घेतली, आणि पाच वर्षांत ते युनिट बंद केलं. दरम्यान अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेने वेगवेगळ्या प्रयोगशाळांत साधं खाणं खाणाऱ्या उंदरांना ते देऊन पाहिलं. त्यांचं आयुष्य वाढलं नाही. लठ्ठ उंदराची तब्येत सुधारणं आणि निरोगी उंदीर जास्त जगणं यांत फरक आहे, हे बाटलीवर कुणी लिहीत नाही.

माणसांबद्दल म्हणाल तर इटलीत, जिथली वाइन जगभर जाते त्या कियांती भागात, ६५ वर्षांवरच्या ७८३ जणांच्या लघवीत रेसव्हेरॅट्रॉलचे अंश मोजले आणि नऊ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. त्या काळात २६८ जण वारले, आणि ज्यांच्या लघवीत जास्त अंश होते ते कमी वारले असं काही निघालं नाही. हृदयविकार, कॅन्सर यांतही फरक नव्हता. आणि हे खाण्यापिण्यातून येणाऱ्या प्रमाणाबद्दल झालं. वाइनच्या लिटरमध्ये हा पदार्थ जेमतेम काही मिलिग्रॅम असतो. ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीची बरोबरी करायला नाशिकच्या वाइनची पिंपं आणावी लागतील. म्हणजे गोळीतला डोस हा अन्नाचा डोस नाहीच, तो औषधाचा डोस आहे, आणि त्याला औषधाचेच निकष लावायला हवेत.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो कोपनहेगनचा २०१३ मधला एक लहान अभ्यास. साधारण ६५ वर्षांच्या, बैठी कामं करणाऱ्या २७ पुरुषांना आठ आठवडे जोरकस व्यायाम दिला. निम्म्यांना रोज २५० मिलिग्रॅम रेसव्हेरॅट्रॉल, बाकीच्यांना नुसती पिठाची गोळी. व्यायामाने दमसास (न थकता मेहनत करायची ताकद) वाढला तो दोन्ही गटांचा, पण पिठाच्या गोळीवाल्यांचा जास्त वाढला, आणि रक्तदाब उतरला तो फक्त त्यांचाच. व्यायामाने स्नायूंवर जो थोडा ताण येतो, तो बहुधा शरीराला हवाच असतो. गोळी मध्ये आली की शरीर तेवढं शिकत नाही. अभ्यास लहान होता, मान्य. पण ज्या माणसाला चालायला, उठाबशा काढायला लावायचंय त्याला मी ही गोळी हौसेने देणार नाही.

हळदीवर जरा थांबतो, कारण सांगली-मिरजेत हा विषय घरचा आहे. ‘डॉक्टर, हळदीने काय होतंय, आम्ही जन्मभर खातोय’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचं उत्तर आकड्यांतच देतो. सांगलीची राजापुरी हळद घ्या किंवा दुसरी कुठली, दळलेल्या हळदीत करक्युमिन साधारण तीन टक्क्यांच्या आगेमागे असतं. वायगावची हळद जास्तीची म्हणून नावाजली जाते, पण तीही सहा-साडेसहा टक्क्यांच्या आसपास. घरात आमटी-भाजीतून माणशी ग्रॅम-दीड ग्रॅम हळद पोटात गेली असं धरलं, तर करक्युमिन झालं ३०-४५ मिलिग्रॅम. तुमच्या बाटलीवर ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल, त्यात ९५ टक्के करक्युमिनॉइड, म्हणजे ४७५ मिलिग्रॅम. ते भरून काढायला पंधरा-सोळा ग्रॅम हळद लागेल, पोह्याच्या चमच्याने चार-पाच चमचे. लेबलवर दिवसातून दोन लिहिलंय. एवढी हळद तुमच्या आजीने कधी कुणाला एका दिवसात खाऊ घातली नव्हती, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव इथे साक्षीला येत नाही.

त्यात काळी मिरी. करक्युमिन एरवी शरीरात फारसं शोषलं जात नाही, हा कंपन्यांचा जुना त्रास. बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये १९९८ मध्ये दाखवून दिलं गेलं की २ ग्रॅम करक्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपरिन, म्हणजे मिरीतलं तिखट द्रव्य, दिलं तर माणसांच्या रक्तात करक्युमिन कैक पटींनी जास्त दिसतं. २००० टक्के वाढ हा आकडा तेव्हापासून प्रत्येक डबीवर छापला जातो. पण पिपरिन हे करतं कसं? आतडं आणि यकृत परक्या पदार्थांना बाहेर टाकतात त्या यंत्रणेवरच ते दाब आणतं. तो दाब फक्त करक्युमिनपुरता नसतो. फेनिटॉइन (फिट्ससाठी), प्रोप्रॅनोलॉल (रक्तदाबासाठी), थिओफायलिन (दम्यासाठी) या औषधांचं रक्तातलं प्रमाण पिपरिनमुळे वाढल्याचं दाखवलेलं आहे. फिट्सच्या गोळ्या अचूक मोजून घेणाऱ्या माणसाला हे महागात पडू शकतं. भाजीतल्या चिमूटभर मिरीबद्दल मी बोलत नाहीये, तेवढी खुशाल खा.

यकृताचा मुद्दा याहून नवा आहे. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणारं तज्ज्ञांचं एक जाळं आहे. त्यांनी २०२२ मध्ये हळदीच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेले १० रुग्ण मांडले. त्यांतल्या पाच जणांना दाखल करावं लागलं, एक दगावला. दहापैकी सात जणांत एकच विशिष्ट जनुकप्रकार सापडला. इटलीतही २०१९ मध्ये अशा कावीळवजा रुग्णांची रांग लागली होती. लाखो लोक या गोळ्या घेतात, त्या मानाने हे थोडे आहेत, हे खरं. पण कुणाकडे तो जनुकप्रकार आहे हे आपल्याला आधी माहीत नसतं. माझ्याकडे आलेल्या एका निवृत्त मास्तरांची तक्रार फक्त खाजेची होती. रात्री तळपाय आणि पाठ खाजवून झोप लागेना. त्वचेची मलमं लावून झाली होती. लघवीचा रंग विचारला तर म्हणाले, ‘चहासारखा आहे, पाणी कमी पितो म्हणून असेल.’ औषधांच्या यादीत हळदीची गोळी त्यांनी सांगितलीच नव्हती, कारण त्यांच्या लेखी ते औषध नव्हतं. गोळी बंद केल्यावर दोन-अडीच महिन्यांनी रिपोर्ट जागेवर आले. म्हणून आता मी ‘औषधं कोणती घेता’ एवढं विचारून थांबत नाही, ‘तोंडाने आणखी काय-काय जातं’ असं विचारतो.

आणि तुमच्या वडिलांच्या बाबतीत तर निर्णय आधीच झालेला आहे: ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू असताना मोठ्या डोसचं करक्युमिन नको, कारण रक्त गोठण्याच्या क्रियेवर तेही थोडा परिणाम करू शकतं. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांना तर मी हात जोडून सांगतो. न्यूझीलंडच्या औषध नियंत्रकांनी २०१८ मध्ये इशारा दिला तो याच कारणाने: हळदीचं उत्पादन सुरू केल्यावर एका रुग्णाचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप, जास्त म्हणजे रक्तस्रावाचा धोका) १० च्या वर गेला होता. पित्ताशयात खडे असतील तरीही ही गोळी नको.

एवढं सगळं म्हटल्यावर करक्युमिनची बाजूही मांडायला हवी. गुडघेदुखीवर त्याला आधार आहे. थायलंडमधल्या ३६७ रुग्णांच्या चाचणीत दिवसाला १५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क आणि १२०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन यांनी चार आठवड्यांत वेदना जवळपास सारख्याच कमी केल्या, आणि पोटदुखी-जळजळ अर्कवाल्यांत कमी होती. मूत्रपिंड नाजूक असलेल्या म्हाताऱ्या माणसाला वेदनाशामक देताना माझा हात आखडतो, तेव्हा रक्त पातळ करणारं कुठलंही औषध चालू नसेल तर मी कधीकधी मिरी नसलेलं करक्युमिन महिनाभर देऊन पाहतो. पण ते गुडघ्यासाठी. तारुण्यासाठी नव्हे.

ग्रीन टीचं लवकर उरकतो. कपातला चहा वेगळा आणि गोळीतला अर्क वेगळा. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये तपासून सांगितलं की त्यातलं मुख्य पॉलिफेनॉल, ईजीसीजी, पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त गेलं तर यकृताचे एन्झाइम वाढू लागतात. गरम पाण्यात काढलेल्या चहाबद्दल त्यांना तशी काळजी वाटली नाही. रिकाम्या पोटी घेतलेला अर्क जास्त शोषला जातो, आणि वजन कमी करायच्या नादात लोक नेमका तसाच घेतात. तुमच्या वडिलांना ॲटोरव्हास्टॅटिन चालू आहे. उद्या एन्झाइम वाढलेच तर दोष कुणाचा यावर घोळ होईल आणि बहुधा बंद होईल ते ॲटोरव्हास्टॅटिन, ज्याची स्टेंट बसवलेल्या माणसाला खरी गरज आहे. हा मला सगळ्यात मोठा तोटा वाटतो.

मग पॉलिफेनॉलमध्ये काहीच नाही का? आहे, पण ताटात. हॉलंडमधल्या झुटफेन गावातल्या ६५ ते ८४ वर्षांच्या ८०५ पुरुषांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आहारात फ्लॅव्होनॉइड (पॉलिफेनॉलमधलाच एक मोठा गट) जास्त, त्यांच्यात पुढच्या पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू कमी. ते फ्लॅव्होनॉइड येत कुठून होते? ६१ टक्के चहातून, १३ टक्के कांद्यातून, १० टक्के सफरचंदातून. कसलंही दुर्मीळ फळ नाही. अर्थात अशा अभ्यासात कांदा खाणारा माणूस इतर बाबतींतही वेगळा असू शकतो, म्हणून हा पुरावा झाला असं कुणी समजू नये.

पुराव्याच्या जवळ जाणारी मोठी चाचणी म्हणजे अमेरिकेतली कॉसमॉस. २१,४४२ ज्येष्ठ, निम्म्यांना रोज कोकोच्या अर्कातून ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल (त्याच गटातला एक प्रकार), निम्म्यांना बिनऔषधी गोळी, साडेतीन वर्षांच्या वर. (गोळ्या आणि काही निधी मार्स या चॉकलेट कंपनीचा, हेही माहीत असावं.) २०२२ मध्ये निकाल आला: हृदयविकाराचे एकूण प्रसंग १० टक्क्यांनी कमी, पण तो फरक योगायोगाचा असू शकेल एवढाच. हृदयविकाराने मृत्यू २७ टक्क्यांनी कमी दिसले, पण तो चाचणीचा मुख्य प्रश्न नव्हता. स्मृतीवर सरसकट फायदा दिसला नाही. मात्र २०२३ च्या एका उपअभ्यासात असं दिसलं की ज्यांचा मुळातला आहार निकृष्ट होता आणि ज्यांच्या शरीरात फ्लॅव्हनॉल कमी होतं, त्यांची स्मृती थोडी सुधारली. ज्यांचं ताट बरं होतं त्यांना गोळीने काही जास्तीचं मिळालं नाही. माझ्या ओपीडीत रोज दिसतं त्याच्याशी हे जुळतं. म्हातारपणी माणसं नकळत चहा-बिस्किट आणि दूध-पोळीवर येतात. दात हलतात, चावायचा कंटाळा, एकट्यासाठी भाजी कोण करणार. अशा माणसाच्या ताटात भाजी-फळं परत आणली तर फरक पडतो. (आणि हे वाचून कुणी चॉकलेटचा डबा आणू नये, बाजारातल्या चॉकलेटमध्ये फ्लॅव्हनॉल किती उरलंय हे डब्यावरून कळत नाही.)

वडिलांच्या ताटापुरतं बोलायचं तर कच्चा लाल कांदा, नाचणीची भाकरी किंवा आंबील, सालीसकट शेंगदाण्याची चटणी, आमसुलाचं सार, हंगामात जांभूळ आणि आवळा, डाळिंबाचा रस नव्हे तर दाणे. नाचणीचे पॉलिफेनॉल बहुतेक तिच्या सालीतच असतात, त्यामुळे चाळून पांढरंशुभ्र केलेलं पीठ आणू नका. दात साथ देत नसतील तर कांदा-काकडी किसून द्या, शेंगदाणे कुटून द्या. आणि चहा जेवणाला लागून नको: त्यातले हेच तुरट पदार्थ अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात. शाकाहारी म्हाताऱ्या माणसाचं हिमोग्लोबिन आधीच काठावर असतं, तासाभराचं अंतर राहू द्या.

आता मूळ दुखण्याकडे. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की ब-१२ कमी होऊ शकतं. शाकाहारी माणसात ते आधीच कमी असायची शक्यता जास्त. ब-१२ कमी पडलं की पायांत मुंग्या, तोल जाणं, चाल मंदावणं, विसरभोळेपणा हे सगळं येऊ शकतं, आणि ते बऱ्याच अंशी सुधारतं, वेळेत पकडलं तर. तुमच्या प्रश्नातली दोन्ही लक्षणं याच यादीतली आहेत. म्हणून पहिली तपासणी ब-१२ ची. तिच्याबरोबर हिमोग्लोबिन, थायरॉइड, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), एसजीपीटी (यकृतासाठी), ड जीवनसत्त्व आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी). एचबीए१सी फार कमी निघाली तरी मला सांगा. मेटफॉर्मिनसोबत साखर उतरवणारी दुसरी एखादी गोळी असेल तर साखर मधूनच खाली जात असेल, आणि त्यानेही माणूस गोंधळतो. कानही तपासून घ्या. ज्याला नाव नीट ऐकूच आलं नाही, त्याला ते आठवणार कुठून?

घरी करायची एक चाचणी सांगतो, आजच करून पाहा. हात नसलेली, भिंतीला टेकलेली खुर्ची. वडिलांनी हात छातीवर घडी घालून पाच वेळा उठायचं आणि बसायचं, तुम्ही शेजारी उभं राहून मोबाइलवर सेकंद मोजायचे. आशियाई लोकांसाठी ठरवलेल्या निकषाप्रमाणे १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर स्नायूंची ताकद घटल्याचा संशय धरायचा. मग सहा मीटर अंतर खडूने आखून त्यांच्या नेहमीच्या चालीने चालायला लावा. सहा सेकंदांच्या वर लागले तर चाल मंद. हात टेकल्याशिवाय उठताच आलं नाही तर तेही लिहून ठेवा.

स्नायू घटलेत असं निघालं तर उपाय दोनच, आणि दोन्ही कंटाळवाणे: ताकदीचा व्यायाम आणि प्रथिनं. क्रिएटिनिन ठीक असेल तर त्यांच्या वजनाला दिवसाला ६२ ते ७५ ग्रॅम प्रथिनं हवीत. सकाळी पोहे, दुपारी दोन पोळ्या, भाजी आणि पातळ आमटी, रात्री खिचडी, एवढ्याची बेरीज मी घरोघरी करून पाहिली आहे, ४०-४५ च्या वर क्वचितच जाते. त्यात मूठभर म्हणजे ५० ग्रॅम फुटाणे टाकले की अकरा ग्रॅमच्या आसपास वाढतात, पेलाभर दुधाने सहा-सात, मटकीच्या किंवा हुलग्याच्या उसळीने तेवढेच. आणि खुर्चीतून उठाबशा, पायऱ्या, भिंतीला हात टेकून टाचा उचलणं, आठवड्यातून तीन दिवस. हृदयाच्या डॉक्टरांना विचारून सुरू करा. त्याच भेटीत हेही विचारा की तीन वर्षांनंतर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही हवीतच का. बऱ्याच जणांना वर्षभरानंतर एकच पुरतं, काहींना दोन्ही लागतात, ते स्टेंट कुठे आणि कसा आहे यावर ठरतं. स्वतःच्या मनाने मात्र एकही गोळी थांबवू नका, त्यात जिवावर बेतू शकतं.

एवढं सांगूनही वडील हट्टाला पेटतील, ‘पोराने एवढ्या लांबून आणलंय’ म्हणून. हे घरोघरी होतं आणि मी त्यावर भांडत नाही. तडजोड म्हणून रेसव्हेरॅट्रॉलची बाटली तेवढी ठेवा, पण ॲटोरव्हास्टॅटिन लिहून देणाऱ्या डॉक्टरांना कळवून. दिवसाला १ ग्रॅमच्या डोसला ते यकृतातल्या औषध मोडणाऱ्या एन्झाइमांवर दाब आणतं असं दिसलंय, त्यामुळे लेबलवर दोन गोळ्यांचा डोस लिहिला असेल तरी एकच. आधी एसजीपीटी, मग सहा आठवड्यांनी परत. अंगाला खाज, लघवी गडद, भूक मेली, यांपैकी काहीही झालं तर गोळी बंद आणि बाटली घेऊनच डॉक्टरकडे. मोतीबिंदूचं किंवा दाताचं ऑपरेशन ठरलं तर दोन आठवडे आधी थांबवा आणि सर्जनला सांगा. भावाला एवढं कळवा की अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार अशा गोळ्या विकण्याआधी त्या गुणकारी आहेत हे सिद्ध करावं लागत नाही. निदान यूएसपीचा (औषधांचे दर्जे ठरवणारी तिथली संस्था) शिक्का असेल तर लेबलवर लिहिलंय ते आत आहे एवढी तरी खात्री मिळते. आपल्याकडच्या अशा डब्यांवर ‘औषधी वापरासाठी नाही’ हे वाक्य असतं. ते बारीक अक्षरांत असतं, पण भिंग लावून वडिलांनाच वाचायला द्या, डॉक्टरपेक्षा त्यांचा त्यावर लवकर विश्वास बसतो.

ब-१२ चा आकडा, क्रिएटिनिन, एसजीपीटी, एचबीए१सी आणि खुर्चीच्या चाचणीचे सेकंद, एवढं कळवा. मेटफॉर्मिनचा डोस किती आणि किती वर्षांपासून तेही लिहा, आणि सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्यांचा एकत्र फोटो पाठवलात तर आणखी बरं.